ऑयस्टर म्हणजे आपली कालवं हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परदेशातली नोकरी मिळाली की इंग्लिशमध्ये आनंद कसा सांगायचा त्याचे वाक्प्रचार छापले होते, ओव्हर द मून म्हणजे आनंद गगनात मावेना, द वर्ल्ड इज माय ऑयस्टर म्हणजे सगळं जग आता माझ्यासाठी खुलं, वगैरे, ते वाचून भाच्याची गंमत आठवली म्हणून लिहितोय.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. डिसेंबरात आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका कंपनीचा व्हिडिओ कॉल होता, तिकडे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि मी दाराआड कान लावून. क्लासवाल्यांनी अशीच यादी घोकून घेतलेली. कंपनीच्या मॅडमनी पगार, जॉइनिंग सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, स्लीप ऑन इट. आमचा हिरो म्हणतो, नो मॅडम, आय ॲम नॉट स्लीपी! अरे बाबा, त्या म्हणतायत घाई नको, रात्रभर विचार कर नि उद्या सांग. त्या हसल्या, दॅट्स ग्रँड म्हणाल्या, तर हा बाहेर येऊन नाचायलाच लागला की मामा, मी त्यांना ग्रँड वाटलो. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे नुसतं ठीक आहे, चालेल, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्यात उतावळा नवरा, त्याच रात्री मेल ठोकला, ओव्हर द मून पण घातलं आणि ऑयस्टर पण.

ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, खडकाला चिकटलेले शिंपले. ओहोटीला खडकावर बसून ती फोडणाऱ्या बायकांचे हात बघा एकदा, नुसते कापलेले असतात. आणि शेक्सपिअरच्या नाटकात हे वाक्य कोण बोलतं, तर पैसे उधार मागितल्यावर नाही ऐकलेला एक गडी, की मग जग म्हणजे माझं कालव, तलवारीनं उघडतो! एचआरला हे लिहायचं?

उलट मॅडम यू विल लर्न द रोप्स म्हणाल्या तिथे हा गप्प, आणि मला मात्र लगेच कळलं. माझे आजोबा गलबतावर खलाशी होते, शिडाचा कुठला दोर कशाचा हे शिकल्याशिवाय तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हात लावू द्यायचा नाही; तसंच लर्न द रोप्स म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकून घेणं.

म्हणून सांगतो, पोरांनी काय बोलायचं ते कमी छापा, समोरचा काय बोलेल ते जास्त छापा. द बॉल इज इन युवर कोर्ट म्हणजे आता तू काय ते सांग, कोल्ड फीट म्हणजे ऐनवेळी कच खाणं, आणि फाइन प्रिंट म्हणजे ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या अटी, हे शेवटचं नाही कळलं तर हसण्यावारी जात नाही, बाँडमध्ये अडकतो माणूस.

असो, नोकरी मिळाली, एप्रिलमध्ये पोरगा गेला. तिकडे गॉलवेला 1954 पासून दर सप्टेंबरात कालवांचा उत्सव भरतो म्हणे. गेलास तर फोटो टाक असा मेसेज केला, तर एका शब्दात उत्तर आलं, ग्रँड.

- एक वाचक, रत्नागिरी