त्या ८४ बद्दल

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे, आता फाटे फोडू नकोस," आणि माझाही आवाज चढला. म्हणून लिहिते आहे. ताईला किडनी द्यावीस की नाही यावर मी एक शब्द लिहिणार नाही, तो निर्णय तुझा. मला फक्त त्या ८४ बद्दल बोलायचं आहे.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, १.२. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ८४. कागदावर लाल खूण नाही म्हणून तू नॉर्मल म्हणतोस. पण किडनी देणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. ९० किंवा वर असेल तर सहसा पुढे जातात, ६० च्या खाली थांबवतात आणि मधल्या आकड्यांना माणूस बघून ठरवतात. साठीतल्या दात्याला ८४ चालून जाईल. तू २९ चा आहेस. एक किडनी काढली की काम त्याच दिवशी निम्म्यावर येतं, मग उरलेली हळूहळू भार उचलते आणि एकूण काम आधीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर स्थिरावतं. ८४ चे साठ टक्के तूच काढ. त्यावर पुढची पन्नास वर्षं जायची आहेत.

बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि तिथंच आले.

खरं तर ८४ चुकीचाही असेल. ईजीएफआर म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून काढलेला अंदाज, मोजमाप नव्हे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तुझं वजन ७८ किलो, रोज जिम, त्यात ती क्रिएटिनची पावडर. किडनी उत्तम असूनही क्रिएटिनिन वर जाऊन ईजीएफआर कमी दिसू शकतो. रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटण खाल्लं असलंस तरी थोडा फरक पडतो. तेव्हा डॉक्टरांना सांगून पावडर बंद कर आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपास. सोबत सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी करून घे, त्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. थायरॉईड बिघडलेलं असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर मात्र तेही फसवतं.

चोवीस तासांची लघवी सांगतील, तेव्हा नीट ऐक. बंगळूरहून येताना बसमध्ये सुरू करू नकोस, इथे घरीच कर. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सहाची धरून. शौचाला जाण्याआधी लघवी कॅनमध्ये करायची, लोक तिथंच चुकतात. कॅन थंड जागी ठेवायचा. तुझ्या वजनाला दिवसाचं क्रिएटिनिन साधारण १५६० ते १९५० मिलिग्रॅम यायला हवं. ११०० आलं तर काहीतरी सांडलं किंवा राहिलं. २६०० आलं तर पहिली टाकलीच नाही, आणि मग आकडा खोटा चांगला दिसतो. समजा १७०० आलं, तर क्लिअरन्स, म्हणजे लघवीवरून काढलेलं किडनीचं काम, निघेल ९८. हुरळू नकोस. तुझ्या उंची-वजनाच्या मानाने, शरीराच्या १.७३ चौरस मीटर या ठरावीक पृष्ठभागावर आणला की तो ८६ होतो. शिवाय थोडं क्रिएटिनिन किडनीच्या नलिकाही बाहेर टाकतात, म्हणून ही पद्धत मुळातच दहा-वीस टक्के जास्त दाखवते.

म्हणून मी डीटीपीए स्कॅनच्या मागे लागले आहे. शिरेत किंचित किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देऊन किडनीचं काम कॅमेऱ्याने थेट मोजतात. पोटभर पाणी पिऊन जा. इंजेक्शन देताना हात फुगला, जळजळलं तर लगेच सांग, औषध शिरेबाहेर गेलं की आकडा बिघडतो. नुसत्या कॅमेऱ्यावरून मोजताना किडनी किती खोल आहे ते उंची-वजनावरून धरतात, त्यात चूक शिरते. रक्ताचे नमुने घेऊन करतात का, ते विचार. दोन्ही किडन्यांचा वाटाही स्कॅनमध्ये वेगवेगळा कळतो. एक ५४ टक्के आणि दुसरी ४६ निघाली, तर चांगली तुझ्याकडे राहिली पाहिजे. ताईला चांगली द्या असं तू म्हणशील, म्हणून आधीच लिहिते: तसं करत नाहीत.

लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे प्रोटीनचा, क्रिएटिनिनशी रेशो ३० च्या आत हवा. आदल्या दिवशी जिम नको, व्यायामाने तो वाढतो. ताईला आयजीए हा किडनीचा आजार आहे, तो कधी कधी घरात इतरांनाही असतो, म्हणून तुझ्या लघवीत रक्तपेशी दिसल्या तर "उष्णता झाली असेल" म्हणून सोडून देऊ नकोस.

फार शिकवते आहे ना? राग मानू नकोस. ताई कारल्याची भाजी ताटाखाली सरकवायची आणि तिला बोलणी बसू नयेत म्हणून तू ती गुपचूप खाऊन टाकायचास. माझी सगळी भीती त्यात आहे. तू तिच्यासाठी काहीतरी झाकशील. पावडर सांगणार नाहीस, पाठीसाठी घेतोस त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या सांगणार नाहीस, कॅनमध्ये काय झालं ते सांगणार नाहीस. तुझा मला किती अभिमान वाटतो ते काल फोनवर सांगायचं होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच. माझी शुगर नसती तर हा प्रश्न तुझ्यापर्यंत आलाच नसता.

समुपदेशक तुला एकट्याला बसवून विचारतील. तिथे मी नसेन, ताई नसेल, भावजीही नसतील. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही म्हणता येतं. आणि तू दाता म्हणून बसत नाहीस असं डॉक्टरांनीच सांगितलं, तर तो तुझा नकार नव्हे. ताईचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटप करणाऱ्या केंद्राच्या, यादीत आहे, दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांच्या अदलाबदलीचंही भावजींनी विचारून ठेवलं आहे. डायलिसिस चालू आहे. तिच्याकडे वेळ आहे, तू घाई करू नकोस.

पावडरच्या डब्याचा, मागच्या लेबलसकट, फोटो पाठव. डॉक्टरांना मी नाही, तूच दाखव.

तुझी,
आई