येळवशीच्या संध्याकाळी शटर वर करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. गंजगोलाईजवळच्या गल्लीतलं दुकान एवढं पुरे.

त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. अख्खं लातूर शेतात गेलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तुम्हीही नुकतेच शेतातून परतला होता, तरी माझ्या एका फोनवर दुकान उघडलंत. लॅपटॉपला हात लावायच्या आधी भज्जी-भाकरीचा डबा माझ्यापुढं सरकवलात. दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं, तिथं जेवले.

माझ्या हार्डडिस्कमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट ज्यांनी किल्लारीच्या परिसरात पाहिली, त्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं. शाळा सुटल्यावर चार वर्षं गावोगाव फिरून मी ते रेकॉर्ड केलं. त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी लॅपटॉपला लावला आणि दुसऱ्या दिवशी जोडलेल्या हार्डडिस्कमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले. अँटीव्हायरस घ्यायला गेले तर कंपनीची साईटच उघडेना. आधी दाखवलं त्या दुकानात सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, डेटा गेला समजा.

तुम्ही मात्र पहिल्यांदा वायफाय बंद केलंत आणि विचारलंत, "मॅडम, यातलं काय गेलं तर जिवाला लागंल?" मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करायला लावलंत, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ४ दाबून लॅपटॉप सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालतं तिथं आणलात. हार्डडिस्क जोडली, प्रॉपर्टीज उघडली आणि बोट ठेवलंत: वापरलेली जागा ३८ जीबी. "शॉर्टकट असतोय एक-दोन केबीचा. मग हे अडतीस जीबी कुणाचं? फायली कुठंच गेल्या नाहीत, नुसत्या लपवल्यात." त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्ही पाहिलं नसल्यासारखं केलंत.

कमांडच्या काळ्या खिडकीत ॲट्रिबची, म्हणजे लपवलेलं उघड करायची, एक ओळ टाईप केलीत आणि फोल्डर एकेक करून वर आले. तुम्ही फक्त ऑडिओ आणि वर्डच्या फायली तुमच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. शॉर्टकट नाही, ओळखीची नसलेली एकही फाईल नाही. खरा चोर नंतर सापडला. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये कसल्यातरी विचित्र अक्षरांचं नाव, लॉग इन झालं की एक स्क्रिप्ट चालवणारं. ते काढलंत, स्क्रिप्ट पुसलीत. होस्ट्स नावाची फाईल नोटपॅडमध्ये उघडलीत तर तळाशी अँटीव्हायरस कंपन्यांच्या साईटची नावं ओळीनं लिहिलेली, प्रत्येकीपुढं १२७.०.०.१. म्हणजे त्या साईटचा पत्ता विचारला की लॅपटॉप स्वतःकडंच बोट दाखवायचा. माझं इंटरनेट खराब आहे असं मी समजत होते!

त्यानंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाईन स्कॅन लावलात. विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो तपासतो, म्हणून आत लपलेलं त्याला सापडतं, हे निळ्या पडद्याकडं बघत बघत समजावून सांगितलंत. त्या पंधरा मिनिटांत तुमच्या धाकट्या लेकीनं मला आंबील आणून दिलं. स्कॅन झाल्यावरच कंपनीचं अँटीव्हायरस टाकलंत, तेही एकच. दोन टाकले तर एकमेकांच्या पायात येतात म्हणालात. आधीच का नाही टाकलं, असं मी विचारलं, तेव्हा म्हणालात, "आत बसलेलं आधी काढावं लागतं. त्यानं दाराला आतून कडी घातली की राखणदार बाहेरच राहतो." बँकेचे आणि मेलचे पासवर्ड मोबाईलवरून बदलून घेतल्याशिवाय मला उठू दिलं नाहीत.

पैसे किती, तर शंभर रुपये. मी पाचशे पुढं केले, तुम्ही चारशे परत दिले.

निघताना एक रेकॉर्डिंग लावून बघा म्हणालात. लावलं. विसर्जनाची रात्र, माणसं उशिरा निजलेली, असं एक आजी सांगत होत्या. तुम्ही शेवटपर्यंत उभं राहून ऐकलंत. त्या आजी गेल्या वर्षी गेल्या. परवा त्यांच्या नातवाला ती फाईल दिली, तर त्यानं ती आधी आईला ऐकवली.

तुमचा तो पेनड्राइव्ह अजून माझ्याकडंच आहे. सोमवारी शाळा सुटली की आणून देते.

तुमची,
लातूरची एक शिक्षिका