काका, तुम्ही पंख फोडायला लावलात म्हणून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

रविवारी आपलं हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या लढाऊ विमानाचं मॉडेल, उडालं तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. मला मात्र घशात काही तरी अडकल्यासारखं झालं आणि बोलायचं राहून गेलं. ते आता लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण कंट्रोल लाइनचं, म्हणजे हातातल्या हँडलला दोन तारांनी बांधून गोल फिरवायचं, विमान बांधायला बसलेल्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

हरिकेनच का, हे तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत. १९४४ साली इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वायुदलाची एक नंबर स्क्वाड्रन याच विमानांवर लढली, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं तुम्ही दाखवलंत: याची चाकं आतल्या बाजूला मिटतात, म्हणून उभं राहताना पाय फाकलेले असतात आणि गवतावर ते त्या काळच्या स्पिटफायर विमानासारखं डगमगत नाही. खऱ्याचा पंख ४० फूट, आपला ४० इंच. फुटाला इंच, हिशेब सोपा.

मी विमान रंगवून, वायुदलाच्या गोल चकत्या काढून तुमच्याकडे आणलं होतं. तुम्ही पंखाखाली दोन बोटं धरलीत आणि शेपटी खाली गेली. नाकात शिसं भरते म्हटलं, तर म्हणालात, "आधी शेपटीतून काढ. तिथल्या दहा ग्रॅमसाठी नाकात वीस-तीस घालावे लागतात." मागचा सांगाडा मी बालसाच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, पातळ पत्र्याने मढवला होता. खऱ्या हरिकेनचा मागचा भाग तर लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा! पत्रा सोलला, पट्ट्या लावल्या, वर रेशमी कापड आणि ते ताणून घट्ट करणारं डोप हे रोगण. वजन उतरलं आणि पट्ट्यांच्या त्या लांबलचक रेघाही हुबेहूब आल्या.

पण खरे आभार ताणकाट्याचे, म्हणजे तारा ओढून किती किलोचा ताण बसतो ते मोजणाऱ्या काट्याचे.

दोन्ही तारा पंखातल्या बेलक्रँकला, म्हणजे स्क्रूवर फिरणाऱ्या छोट्या तरफेला, येतात. मनगट हललं की बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली काडी, पुशरॉड, सरकतो आणि शेपटीची हलती फळी, एलिव्हेटर, वर-खाली होतो. म्हणजे अख्खं विमान त्या एका स्क्रूवर लटकलेलं. दीड किलोचं विमान, सेकंदाला २० मीटर वेग, १८ मीटरच्या तारा: साधी फेरी मारतानाच ओढ जवळपास साडेतीन किलोची. तुम्ही वजनाच्या दहापट, १५ किलो, ओढायला लावलंत. मला ते फार वाटलं. काटा अकरावर आला आणि पंखात कट् आवाज झाला.

बेलक्रँक ज्यावर बसतो तो प्लायवूडचा तुकडा मी नुसता पंखाच्या एका रिबला, म्हणजे लाकडी फासळीला, चिकटवला होता. तो हवेत सुटला असता तर विमान सरळ बाहेर गेलं असतं, आणि बाहेर कडेला पोरं बसली होती. मी रडले. तुम्ही ओरडला नाहीत. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं ज्या हातांनी मिग लढाऊ विमानांचं काम केलं, त्याच हातांनी ब्लेड घेऊन रंगवलेला पंख माझ्याबरोबर उघडलात. नवीन प्लाय दोन रिबांमधून आरपार, खाली सागाची पट्टी. पुन्हा १५ किलो. या वेळी आवाज नाही.

रविवारी वारा होता, तरी तारा एकदाही सैल पडल्या नाहीत. इंजिन बंद पडलं, विमान गवतावर दोन्ही चाकांवर टेकलं, आणि तुम्ही आधी जाऊन तारांची टोकं तपासलीत.

तो तुटलेला प्लायचा तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. येत्या रविवारी हँडल तुम्ही धरा, विमान मी सोडते.

तुमची,
नाशिकची शिष्या