बाराव्या गड्याचं पत्र

प्रिय यष्टिरक्षक महाराज,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मध्ये तीन दिवसांचा सामना होता, आणि सामना चालू असला की मी घरी फक्त झोपायला असतो. पण ती सबब झाली. खरं म्हणजे काय लिहावं तेच सुचत नव्हतं. लेकीचा गुडघा दुसऱ्यांदा गेला हे वाचून पोटात कालवाकालव झाली. पहिल्या ऑपरेशननंतर नऊ महिने ती पोरगी कशी घाम गाळत होती ते मी पाहिलंय. मुलींमध्ये ही एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाची, दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, तेव्हा 'तिनं उडीच नीट मारली नसेल' वगैरे बोलू नकोस. तू बोलला असशील, म्हणून लिहितोय.

आता तुझा प्रश्न. 'हिला खेळाच्या क्षेत्रात काही करता येईल, की हे खूळ डोक्यातून काढून नोकरीच्या मागे लावू?' हे तू मला विचारावंस! तुम्ही अकरा जण फोटोत आणि फोटो काढणारा मी, अशी आपली टीम होती. तीन वर्षांत मी मैदानात गेलो तो पाण्याच्या बाटल्या घेऊन. एकदाच बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरलो आणि झेल सोडला, तोही तुझ्यामुळे. तू 'माझा' म्हणून ओरडलास आणि आलाच नाहीस. असो.

पण विचारलंस ते योग्य माणसाला. गेली वीस वर्षं स्कोअररच्या टेबलामागे बसून मी जितका खेळ पाहिला, त्याहून जास्त खेळाभोवतीची माणसं पाहिली. पंच, फिजिओ, ट्रेनर, खेळपट्टी करणारे, व्हिडिओ कापत बसणारे, किटच्या बॅगा वाहणारे. यातल्या बहुतेकांना व्हायचं होतं खेळाडूच. कुणाची पाठ गेली, कुणाचा खांदा, आणि बऱ्याच जणांचं काहीच गेलं नाही, ते फक्त पुरेसे चांगले नव्हते. माझ्यासारखे. हे शेवटचं कबूल करायला मला सात वर्षं लागली. तुझ्या लेकीला निदान गुडघ्याचं कारण तरी आहे.

सायमन टॉफेल आठवतो? पाठीच्या दुखण्यानं त्याची गोलंदाजी तरुणपणीच थांबली. मग पंचगिरीत शिरला आणि २००४ ते २००८ अशी ओळीनं पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम पंच ठरला. हे उदाहरण मी मुद्दाम जपून देतोय, कारण दुखापत झाली की लोक असल्याच गोष्टी ऐकवतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एक दार बंद झालं म्हणजे दुसरं लगेच उघडणारच. तसं काही नसतं. दोन दारांच्या मध्ये एक लांबलचक बोळ असतो आणि त्यात दिवा नसतो.

त्या बोळातून गेलेली माणसं मला जास्त आवडतात. वृंदा राठी विद्यापीठाकडून खेळायच्या, मग स्कोअरर झाल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकात त्या वही घेऊनच बसल्या होत्या. तिथं त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या आणि त्यांच्या डोक्यात पंचगिरी शिरली. पुढे दहा वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन स्त्रियांमध्ये त्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या जननी नारायणन तर सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आलेल्या. आणि जसिंथा कल्याण? कर्नाटकच्या क्रिकेट संघटनेत रिसेप्शनिस्ट म्हणून लागल्या आणि काही वर्षांनी खेळपट्टी तयार करायला लागल्या. फोन घेता घेता बाई माती ओळखायला शिकली. या सगळ्यांत कुणी 'क्रीडाक्षेत्रात करिअर' असा फॉर्म भरला नव्हता, रे. जवळ काहीतरी काम मिळालं, ते धरलं, आणि डोळे उघडे ठेवले.

माझ्या धंद्याचा तर मूळपुरुषच असा. बिल फर्ग्युसन, सिडनीचा कारकून. कचेरीतल्या कामाला कंटाळलेला. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू माँटी नोबल पेशानं दाताचा डॉक्टर होता, तर हा पठ्ठ्या दात दाखवायला त्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि दौऱ्यावर न्या म्हणून गळ घातली. १९०५ च्या इंग्लंड दौऱ्यावर सामान सांभाळणारा आणि स्कोअरर म्हणून गेला तो अर्धं शतक फिरत राहिला. दोनशेहून जास्त कसोटींचे स्कोअर लिहिले. फलंदाजानं कुठं कुठं फटके मारले ते दाखवणारं चक्र टीव्हीवर बघतोस ना, तसल्या आकृत्या काढण्यात तो सुरुवातीचा. दात खरंच दुखत होता की नाही, देव जाणे.

आता नाण्याची दुसरी बाजू. तुझी लेक हुशार आहे, पण तू हळवा आहेस, म्हणून तुलाच सांगतो. या कामात पगार उशिरा, करार छोटे, आणि हंगाम संपला की फोन वाजत नाही. शनिवार-रविवार विसरायचे. घरातल्या कार्यांना मी एकतर नसतो किंवा जेवायच्या वेळेला पोचतो. टीम हरली की पहिला प्रशिक्षक जातो, आणि त्याच्याबरोबर त्यानं आणलेला ट्रेनर, फिजिओ सगळेच. त्यांची काही चूक नसते. माझी सकाळची शिकवणी आहे म्हणून घर चालतं, हे तुला ठाऊक आहेच. कुणी 'पॅशन' हा शब्द वापरून तिला फुकट राबवायला बघेल, तिथून तिला उठवून आण.

आणि कुणी बघत नसतं. २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ॲडलेडला बांगलादेशाविरुद्ध पाऊस पडून गेला होता. आपला थ्रोडाउनवाला रघू सीमारेषेच्या कडेनं ब्रश घेऊन फिरत होता, खेळाडूंच्या बुटांना लागलेला चिखल काढायला. हा माणूस घर सोडून क्रिकेटपटू व्हायला निघाला होता, एकेकाळी झोपायला धड जागा नव्हती. जगातल्या बड्या फलंदाजांना वर्षानुवर्षं नेटमध्ये चेंडू फेकून त्यानं तयार केलं, आणि लोकांना तो दिसला ब्रशमुळे. तेही एकदाच.

न खेळलेल्या माणसाला आत कुणी विचारत नाही, असं तू म्हणशील. थोडं खरं आहे. इटलीचा फुटबॉल प्रशिक्षक अरिगो साकी आधी बूट विकायचा, मोठ्या पातळीवर कधी खेळलाच नाही. त्यावरून टोकलं तर म्हणायचा, जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागतं हे मला माहीत नव्हतं. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप त्यानं मिलान क्लबला जिंकून दिले. पण प्रत्येक बूटवाल्याला मिलान मिळत नाही, हेही धरून चाल.

तिचं गणित चांगलं आहे असं लिहिलंस, ते मी बाजूला खूण करून ठेवलंय. १९९२ च्या विश्वचषकाची सिडनीची उपांत्य फेरी आपण एकत्रच पाहिली होती, पावसानंतर दक्षिण आफ्रिकेला एका चेंडूत बावीस हवेत असं फलकावर आलं तेव्हा तू स्टूलला लाथ मारलीस. तुझं स्टूल मोडलं. तिकडे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुइस या दोन आकडेमोड करणाऱ्यांनी पावसानं अडलेल्या सामन्यात किती धावांचं लक्ष्य द्यायचं त्यावर तोडगा बसवला, १९९७ च्या पहिल्याच दिवशी तो सामन्यात वापरलाही गेला. दोघांपैकी एकही क्रिकेटपटू नव्हता.

आता तुला माझीच एक गोष्ट सांगतो, अजून कुणाला सांगितलेली नाही.

चारेक वर्षांपूर्वीची. मुलांचा सामना, बिनमहत्त्वाचा. डाव संपल्यावर बेरजा मांडल्या तर फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर, पण गोलंदाजांची बाजू एका धावेनं कमी. बस सुरू होऊन उभी होती, पोरं किट भरत होती. शेजारच्या स्कोअररनं 'जाऊ दे, एकाचा काय प्रश्न' म्हणून पेन खिशात घातलं. मी पहिल्या षटकापासून बोट फिरवत निघालो. चौतिसावं षटक, चौथा चेंडू. पंचानं लेगबायची (चेंडू अंगाला लागून काढलेली धाव, ती फलंदाजाच्या नावावर नाही, अवांतरमध्ये जाते) खूण केलेली, मी हात वर करून ती पोचल्याचं सांगितलेलं, गोलंदाजाच्या रकान्यात नीट लेगबायचं चिन्ह, आणि फलंदाजाच्या रकान्यात एक. अवांतरमध्ये काही नाही. शेजाऱ्यानं माझंच बघून उतरवलेलं. कुणीतरी तेव्हाच स्कोअर विचारायला आलं होतं, त्याच्याकडे वळलो असणार.

निकाल बदलत नव्हता. एकूण धावसंख्याही तीच. फक्त ज्या मुलाच्या नावावर ती धाव गेली होती त्याच्या पन्नास होत्या. पहिल्या पन्नास. बॅट वर करून झाली होती, टाळ्याही.

वही घेऊन बसपाशी गेलो. तेरा-चौदा वर्षांचं पोर, पॅड अजून एका पायाला. सांगितलं, बाळा, तुझ्या एकोणपन्नास झाल्यात, चूक माझी आहे. त्यानं विचारलं, "कुठला चेंडू?" मी दाखवला. बघून म्हणाला, "हो. मांडीवर लागला होता. मला माहीत होतं."

"मग बॅट का वर केलीस?"

"सगळे टाळ्या वाजवत होते, काका."

मी पन्नास खोडून एकोणपन्नास केलं आणि बाजूला सही केली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती चुकीमुळे नव्हे. इतकी वर्षं मी जे काम 'खेळता आलं नाही म्हणून' करतोय असं स्वतःला सांगत होतो, ते माझं आवडीचं काम आहे, हे त्या बसच्या दारात कळलं. बस निघून गेली असती तरी मी ती धाव शोधलीच असती.

क्रिकेटच्या नियमपुस्तकात पहिला नियम खेळाडूंचा आहे, दुसरा पंचांचा, तिसरा स्कोअररचा. चेंडू चौथा, बॅट पाचवी. म्हणजे मी चेंडूच्याही आधी येतो. बारावा गडी असताना हे माहीत असतं तर तुम्हाला बाटल्या जरा तोऱ्यात दिल्या असत्या.

तर लेकीला 'काय व्हायचंय' हे इतक्यात विचारू नकोस. सामना लावून दे आणि ती कुठं बघते ते गुपचूप बघ. चेंडू टाकून झाल्यावर गोलंदाजाच्या पायाकडे बघत असेल तर एक, कर्णधार कुणाला कुठं हलवतो त्यावर कुरकुरत असेल तर वेगळं, लंगडत जाणाऱ्या खेळाडूवरून तिची नजर हटत नसेल तर आणखी वेगळं. दोनदा ऑपरेशन झालेल्या मुलीला फिजिओच्या टेबलावर झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कुठल्या पुस्तकात वाचावं लागणार नाही. आणि यातलं काहीच नसेल, सामनाच बघवत नसेल, तर बंद कर. रडायचं असेल तर रडू दे. घाई कसली आहे?

आणि जमलं तर येत्या रविवारी तिला माझ्याकडे धाड. टेबलाला सावली असते, पाय लांब करून बसता येईल, कुबडी ठेवायला जागा आहे. तिला म्हणावं दोन टोक केलेल्या पेन्सिली, एक लाल पेन आणि खोडरबर आण. आमच्या टेबलावर टाळ्या वाजवत नाहीत, हेही आधीच सांगून ठेव, नाहीतर हिरमुसेल. वहिनींना नमस्कार.

तू मात्र येऊ नकोस. तू आलास की बडबडत बसशील, आणि कुठल्या तरी पोराच्या नावावर पुन्हा एक लेगबाय चढेल.

तुझा,
बारावा गडी