मालवाहू गाडीचा बंपर विम्यात नसतो, हे आधी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला वाहन विम्यावरचा लेख वाचला. एरवी आपल्या पैशापाण्याच्या पानावर उपयोगाची माहिती असते, म्हणूनच हा लेख जास्त खटकला. "खासगी मोटार आणि व्यावसायिक वाहन यांच्या विम्यात मुख्य फरक हप्त्याचा, बाकी संरक्षण जवळपास सारखेच" असे एक वाक्य लिहून लेखक मोकळे झाले. हे वाक्य चूक आहे. ते वाचून कोणी टेम्पोवाला निर्धास्त झाला, तर पुढे त्याला पदरमोड करावी लागणार आहे.

तक्त्यातले आकडे बरोबर आहेत. हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला थर्ड पार्टीचे वर्षाला ३,४१६ रुपये आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये, हे १ जून २०२२ पासूनचे सरकारी दर. मोटारीचा दर इंजिनावर ठरतो, मालवाहू गाडीचा एकूण वजनावर. आमची गाडी दिवसभर रस्त्यावर असते, ओझे वाहते, धडकली तर समोरच्याचे जास्त नुकसान करते. त्याचे जास्त पैसे घेतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे पैसे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा 'ओन डॅमेज' हा भाग वेगळा. खरी मेख तिथे आहे आणि त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा टेम्पो ब्रेक मारताना घसरून दुभाजकावर चढला. चालक वाचला, गाडीचे तोंड फुटले. गॅरेजवाल्याने एस्टिमेट काढले, नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. माणूस सभ्य होता. गॅरेजच्या टेबलावर कागद पसरून त्याने लाल पेनाने एकेक ओळ कापायला सुरुवात केली. बंपर कापला. दोन्ही हेडलाइट कापले. मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे पत्रे, रंगकाम, सगळे कापले. रेडिएटर आणि आतले लोखंडकाम तेवढे उरले, त्यातून पुन्हा घसारा (वापराने भागांची घटलेली किंमत) आणि सक्तीची वजावट (दर दाव्यात मालकाने सोसायची रक्कम) गेली. मी विचारले तर म्हणाला, "आयएमटी २१ लागलाय, २३ घेतलेला नाही." पॉलिसी मला देणाऱ्या एजंटाच्या तोंडून हे दोन आकडे कधीच ऐकू आले नव्हते.

आता ते आकडे काय आहेत ते मीच सांगतो, कारण आपल्या लेखकांनी सांगितलेले नाही. आयएमटी म्हणजे 'इंडिया मोटर टॅरिफ' या मोटार विम्याच्या नियमावलीतली कलमे. मालवाहू वाहनाच्या पॅकेज पॉलिसीला, म्हणजे दुसऱ्याचे आणि स्वतःचे अशा दोन्ही नुकसानींच्या एकत्र विम्याला, २१ क्रमांकाचे कलम लागते. गाडी 'टोटल लॉस' (दुरुस्तीपलीकडे) झाल्याखेरीज दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंग यांचे पैसे मिळत नाहीत, असे ते कलम सांगते. हे भाग परत विम्यात आणायचे तर जादा हप्ता भरून २३ क्रमांकाचे कलम घ्यावे लागते, आणि ते घेतले तरी या भागांच्या नुकसानीतला निम्मा भार मालकावरच राहतो. खासगी मोटारीचा बंपर मुळातच विम्यात असतो. प्लास्टिक म्हणून त्यावर पन्नास टक्के घसारा कापतात, पण 'झिरो डेप' (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतले असेल तर तोही वाचतो. अपघातात सगळ्यात आधी फुटतो तो बंपर, आणि तोच आमच्या विम्यात नाही. याला 'जवळपास सारखेच' म्हणायचे?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. "दोन्ही विम्यांत प्रवाशांना संरक्षण मिळते" असेही लेखात आहे. टॅक्सी किंवा बसबद्दल ते ठीक, मालवाहू गाडीबद्दल अजिबात नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत बसला असेल तर १९९४ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदा त्याला विम्यात धरतो. फुकट बसलेल्या इतरांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात तसा निकाल दिला आणि आताच्या कलम १४७ मध्येही मालवाहू वाहनातले फुकटचे प्रवासी वगळलेलेच आहेत. लग्नाला, जत्रेला माणसे टेम्पोच्या हौद्यात बसून जातात, हे आपल्याला दिसत नाही का? काही बरेवाईट झाले तर त्या घरच्यांना विमा कंपनीकडून हक्काने काही मागता येणार नाही, उलट गाडीमालकाच्या घरादारावर येईल. ही ओळ ठळक टाइपात हवी होती.

चौकटीतल्या प्रश्नोत्तरात पांढऱ्या पाटीची मोटार "कधीमधी भाड्याने दिली तर फारसे बिघडत नाही" असे छापले आहे. बिघडते. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर स्पष्ट वगळलेला असतो, आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून मालवाहतूकसुद्धा. अमलेंदु साहू प्रकरणात विमा कंपनीने अशा गाडीचा दावा सरळ फेटाळला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडली तरी अंशतः मान्य होणारा दावा) धरून काही रक्कम द्यायला लावली. म्हणजे कोर्टाची पायरी चढल्यावर, आणि तीही पूर्ण भरपाई नाही.

आणखी एक. पॉलिसीच्या कागदावर बऱ्याचदा कलमांचे नुसते क्रमांक छापतात, मजकूर जोडत नाहीत. असला तर इंग्रजीत. हप्ता घेताना मराठीत बोलणाऱ्या कंपन्यांना वगळलेल्या भागांची यादी मराठीत द्यायला काय हरकत आहे? याचा पाठपुरावा आपल्या वर्तमानपत्राने करावा.

तूर्त एवढीच विनंती: येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापावी. त्यात कलम २१ आणि २३ मराठीत समजावून द्यावे आणि भाड्याच्या मोटारीबद्दलचे ते उत्तर मागे घ्यावे. तक्ता पुन्हा देणार असाल तर कृपया अक्षर मोठे ठेवा. कालचे वाचताना चष्मा लावूनही डोळे ताणावे लागले.

आपला,
एक टेम्पोमालक वाचक