पितळी पाटी आणि क्रँकशाफ्टचे टोक

रॉचेस्टर, केंट, इंग्लंड

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. माझी प्रकृती ठीक आहे, साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे, तेव्हा तो विषय इथेच संपवतो. लिहिण्याचे कारण निराळे आहे. ज्या प्रश्नावरून आपण दोघांनी मिरजेच्या वर्कशॉपात अबोला धरला होता, तोच यंत्राच्या पाटीवरच्या सालाचा प्रश्न या वयात पुन्हा माझ्यापुढे येऊन उभा राहिला आहे, आणि इथे कोणाजवळ मन मोकळे करावे तर माणसे चहा पुढे करतात आणि हवामानावर बोलू लागतात.

वाफेच्या यंत्रांच्या इथल्या मंडळात मी जातो, हे तुला ठाऊक आहेच. त्यातले एक जुने सभासद गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या पत्नीला त्यांचा वाफेचा ट्रॅक्टर आता विकायचा आहे, आणि यंत्र कोणत्या कारखान्याचे व कोणत्या सालचे, हे लिलावाच्या यादीसाठी लेखी देण्याचे काम माझ्यावर आले आहे. यंत्रावर पितळी पाटी आहे: ‘एव्हलिंग अँड पोर्टर, रॉचेस्टर’, आणि त्याखाली नंबर. नंबरावरून साल निघते पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. पुढच्या बाजूला केंटचा तो उधळलेला घोडा आणि त्याखाली ‘इन्व्हिक्टा’ ही अक्षरे. आपल्या गावात रस्ता करायला आलेल्या रोडरोलरवर हाच घोडा होता, आणि तो महाराजांच्या पागेतला असल्याचे तू साऱ्या वर्गाला, इतकेच काय, गुरुजींनाही पटवले होतेस. तो इथला निघाला. कारखाना मेडवे नदीच्या पलीकडे, स्ट्रूडला होता. आता तरी कबूल कर.

कारखान्याविषयी मला शंका नाही. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या, बाजूचे पत्रे वर वाढवून त्यांतच क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, बेअरिंग बसवायचे, ही युक्ती थॉमस एव्हलिंगने १८७० साली पेटंट केली खरी, परंतु पुढे ती इतरांनीही उचलली, त्यामुळे निव्वळ तेवढ्यावरून काही ठरत नाही. काही इंजिने लांबूनच ओळखू येतात. थेटफर्डच्या बरेलची १८८९ च्या पेटंटातली इंजिने घे: दोन सिलिंडर एकावर एक तिरके आणि दोघांचे दांडे एकाच क्रँकवर. लिंकनच्या फॉस्टर कंपनीने महायुद्धात पहिले रणगाडे बांधले आणि नंतर आपल्या इंजिनांच्या तोंडावरच्या दारावर रणगाड्याचे चित्र लावले, म्हणजे रणगाडा दिसला की इंजिन युद्धानंतरचे. पण दार बिजागरीवरून काढून दुसऱ्या इंजिनाला लावता येते, आणि पाटी तर त्याहून सहज निघते.

मला जे खटकले ते हेच. ही पाटी दोन स्क्रूंवर बसवलेली आहे, आणि तिच्या कडेने रंगाखाली जरा मोठ्या, जुन्या पाटीची चौकट बोटाला लागते. मग मी क्रँकशाफ्टच्या टोकाकडे वळलो. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने रंगाचे थर मऊ केले, तांब्याच्या पट्टीने हळूहळू खरवडले (तारेचा ब्रश मारला की पंचाने ठोकलेल्या आकड्यांच्या खुणा बोथट होतात, हे तुझेच शिक्षण) आणि वर खडू चोळला. पांढरे आकडे उमटले. ते पाटीवरचे नव्हते. कनेक्टिंग रॉडवर तेच आकडे, व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेच. तीन भाग एक सांगतात आणि पाटी एकटी दुसरेच सांगते.

रोड लोकोमोटिव्ह सोसायटी १९३७ पासून जुन्या कारखान्यांच्या नोंदी सांभाळत आली आहे. तिथून उत्तर आले की खरवडून निघालेला नंबर युद्धानंतर बांधलेल्या रोडरोलरचा आहे. त्यानंतर यंत्राकडे पाहिले आणि जिथे पाहावे तिथे रोलरच दिसू लागला. मागच्या आसावर तारेच्या दोराचे ड्रम नाही. ओढकामाच्या ट्रॅक्टरला ते बहुधा असतेच. स्प्रिंगा नाहीत. मागचा आस चाकांच्या मानाने लांब, म्हणून टोकाला जाड कडी घालून जागा भरून काढलेली. रोलरची रुंद सपाट चाके होती तेव्हा ती लांबी बरोबर होती. पाण्याच्या टाकीच्या मागे बूच मारून बुजवलेली भोके आहेत, जिथे जुना रस्ता उकरायचा दात्यांचा सांगाडा बसत असे. आणि चिमणीखालची धुराची पेटी, जिच्या पुढे रोलरच्या पुढच्या रुळाचा फोर्क पेलणारा भक्कम डोलारा असतो, ती नवीच, वेल्डिंगची. बाकी सगळे अंग रिवेटचे.

वजनाचेही तेच. १९०४ च्या नियमाने इथे पाच टनांपर्यंतच्या गाडीला मोटारीसारखी सवलत मिळाली, एका माणसाने ती चालवावी इतकी, म्हणूनच हे छोटे वाफेचे ट्रॅक्टर निघाले. आमचे हे धूड काट्यावर पाच टनांच्या पुष्कळच वर जाते.

यात नवल असे काहीच नाही. एव्हलिंगइतके वाफेचे रोलर जगात कोणीच बांधले नाहीत. डिझेल आल्यावर ते भंगारच्या भावाने निघाले, आणि हौशी लोकांनी पुढचा रूळ काढून, चाके बदलून त्यांचे ट्रॅक्टर केले. त्यात मला गैर वाटत नाही. भट्टीत जाण्यापेक्षा ते बरे. गैर आहे ती पाटी. ट्रॅक्टरला रोलरपेक्षा किंमत बरीच जास्त येते आणि युद्धाआधीचे साल सांगता आले तर आणखी, हे पाटी बदलणाऱ्याला नक्की माहीत होते. तो कोण हे मला शोधायचे नाही. यंत्र आजवर बऱ्याच हातांतून गेलेले आहे.

तू म्हणशील, लोखंड एव्हलिंगचेच आहे ना, मग पाटीचे काय एवढे? मिरजेला त्या पंपावर जुन्या सालाची पाटी चढवताना तू हेच म्हणाला होतास, आणि मी सही करायला नकार दिला म्हणून तात्यांसमोर मला ‘सोवळा’ म्हणालास. तुझा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य. बॉयलर बदलतो, चाके बदलतात, तरी इंजिन तेच राहते; पण कोणते, ते त्याच्या अंगावर ठोकलेल्या नंबराने ठरते. तो सोडून पाटीवर विश्वास ठेवायचा, तर मग साल हवे ते लिहावे.

काळजी त्या बाईंची आहे. त्यांच्या यजमानांनी पाटीवरचे हेच साल यंत्रावर सोनेरी अक्षरांत रंगवून घेतले होते, आणि लिलावाच्या पैशांतून घराचे छप्पर दुरुस्त करायचे आहे असे त्या बोलता बोलता म्हणून गेल्या. मी लिहिणार आहे ते असे: ‘एव्हलिंग अँड पोर्टरचा युद्धोत्तर रोलर, नंतर ट्रॅक्टरमध्ये रूपांतर, पाटी मूळची नाही.’ यादी छापण्याआधी हे त्यांना घरी जाऊन सांगायचे, एवढे ठरवले आहे. सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. तुला अशा गोष्टी गोड शब्दांत सांगता येतात. चार वाक्ये लिहून पाठव.

शिवाय एक काम. सिलिंडरच्या ओतकामावर उठावाची अक्षरे आहेत, ती नंबर म्हणून कोणी माझ्या तोंडावर फेकील. मी म्हणतो तो पॅटर्नचा नंबर, त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक सिलिंडरवर तो असणारच. तू आयुष्यभर फाउंड्रीत काढलेस, फोटो पाहून तेवढे निश्चित कळव.

गुडघ्याचे ऑपरेशन करून घे, टाळू नकोस. धाकट्याचे लग्न ठरल्याचे कळले, आनंद झाला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ

ता. क. फोटो टपालाने पाठवले आहेत. उत्तर यादी छापायच्या आत यायला हवे, म्हणून लवकर लिही.