शस्त्रक्रियेला ‘शेवटचा उपाय’ म्हणू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लठ्ठपणा आणि मधुमेह एकत्र असलेल्यांसाठी आलेल्या नव्या इंजेक्शनांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण त्यातली दोन विधाने मला स्वस्थ बसू देईनात. ‘इतकी प्रभावी औषधे आल्यावर शस्त्रक्रिया हा आता अगदी शेवटचा उपाय उरला आहे’ हे एक (शस्त्रक्रिया म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यावर करतात ती), आणि ‘या इंजेक्शनांनी २० टक्क्यांपर्यंत वजन उतरते’ हे दुसरे. पहिल्या विधानाने माझी बरीच वर्षे खाल्ली आहेत, म्हणून आधी तेच घेते.

मला टाइप २ मधुमेह निघाला तेव्हा मी ३४ वर्षांची होते, वजन ८६ किलो. आधी एक गोळी, मग दोन, मग तीन आणि आठव्या वर्षी इन्सुलिन. इन्सुलिनने साखर उतरली पण वजन चढले, वजन चढले म्हणून इन्सुलिन कमी पडू लागले आणि युनिट वाढवले की वजन आणखी चढे. असे करत काटा १०४ किलोवर गेला. दर भेटीत ‘वजन कमी करा’ हे ऐकायचे आणि मान खाली घालून बाहेर पडायचे. दोनदा मी स्वतःहून शस्त्रक्रियेचा विषय काढला. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, ‘तो शेवटचा उपाय असतो, तुमच्यावर अजून ती वेळ आलेली नाही.’ सांगणाऱ्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितले, आणि मलाही ते ऐकून बरेच वाटले. आपण अजून ‘त्या’ थराला गेलेलो नाही, असे वाटे.

तेराव्या वर्षी मी एका सर्जनसमोर जाऊन बसले. आधी वजनकाट्यावर उभे करतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, ‘मधुमेहाला किती वर्षं झाली?’ मी सांगितले. ‘आणि इन्सुलिन कधीपासून?’ पाच वर्षे. त्यांनी दोन्ही आकडे केसपेपरवर लिहिले, त्यांच्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, ‘फायदा नक्की होईल. पण सहा-सात वर्षं आधी आला असतात, तर औषधांशिवाय साखर ताब्यात राहण्याची शक्यता बरीच जास्त होती.’

कारण त्यांनी नंतर समजावले. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, त्या या आजारात वर्षागणिक थकत जातात. शस्त्रक्रिया उरलेल्या पेशींवरचा भार हलका करते, गेलेल्या पेशी परत आणत नाही. म्हणून मधुमेह जितका ताजा आणि इन्सुलिन जितके लांब, तितका या शस्त्रक्रियेचा गुण जास्त येतो. आता ‘शेवटचा उपाय’ या शब्दांचा अर्थ लावून पाहा. जेव्हा तिचा गुण सगळ्यात कमी यायचा, नेमके तेव्हा ती करा, असाच तो होतो ना?

माझी गॅस्ट्रिक बायपास झाली. (बायपास म्हटले की लोक आजही काळजीने हृदयाबद्दल विचारतात.) यात जठराचा एक लहानसा भाग पिशवीसारखा वेगळा करतात आणि तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने बोट टोचले, मीटरवर १२८ आले. तिने पट्टी बदलली, दुसऱ्या बोटाला टोचले, १३१. आधी दिवसाला ६४ युनिट घेणाऱ्या मला आदल्या रात्री फक्त दहा युनिट दिलेली होती. वजन तोवर उतरले नव्हतेच. तीन दिवसांत काय उतरणार?

वॉल्टर पोरीस या अमेरिकी सर्जननी १९९५ मध्ये नेमके हेच मांडले होते. शस्त्रक्रिया केली वजनासाठी, पण बहुतेक मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच सावरली. खाणे कमी होते हे एक कारण. दुसरे असे की अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोहोचल्याने जीएलपी-१ हे संप्रेरक कितीतरी जास्त स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, भूक शमवते. लेखातली इंजेक्शने याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. या गटातले पहिले औषध, एक्सेनाटाइड, २००५ मध्ये आले, तेही गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूवरून. म्हणजे शस्त्रक्रिया आणि इंजेक्शन ही एकाच घरातली भावंडे आहेत. लेखात त्यांची कुस्ती लावलेली पाहून वाईट वाटले ते यामुळेच.

तुलना करायचीच तर ती पुराव्याने करू. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले होते: फक्त काटेकोर औषधोपचार, औषधे अधिक बायपास, औषधे अधिक स्लीव्ह (यात जठराचा मोठा भाग कायमचा काढून टाकतात). तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्के किंवा त्याखाली आणणे हे उद्दिष्ट होते. २०१७ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. उद्दिष्टापर्यंत औषधांच्या गटातले ५ टक्के, बायपासचे २९ टक्के आणि स्लीव्हचे २३ टक्के लोक पोहोचलेले होते. पहिल्या वर्षी हेच आकडे १२, ४२ आणि ३७ होते. दोन गोष्टी यातून दिसतात. शस्त्रक्रिया पुढे आहे, आणि तिचाही गुण वर्षांबरोबर ओसरतो.

२०२४ मध्ये अशा चार चाचण्यांमधल्या २६२ जणांचा एकत्रित पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सात वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे वजन सरासरी १९.९ टक्के उतरलेले होते, औषधे आणि जीवनशैलीच्या गटाचे ८.३ टक्के. एचबीएवनसी एकीकडे १.६ ने घटले, दुसरीकडे ०.२ ने. मधुमेह ‘रेमिशन’मध्ये असलेले, म्हणजे साखरेचे कोणतेही औषध न घेता निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलेले, १८.२ टक्के विरुद्ध ६.२ टक्के. बाराव्या वर्षी १२.७ टक्के विरुद्ध शून्य. म्हणून ‘शस्त्रक्रियेने मधुमेह कायमचा गेला’ असे कुणी जाहिरातीत सांगत असेल, तर त्यावरही विश्वास ठेवू नये. माझा गेलेला नाही. इन्सुलिन सुटले, एचबीएवनसी ९.४ वरून ६.८ वर आले, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू आहे.

या सगळ्या चाचण्यांत एक उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्या सुरू झाल्या तेव्हा आजची प्रभावी इंजेक्शने नव्हती. औषधांच्या गटाला तेव्हा जे मिळाले, त्याहून आज कितीतरी चांगले मिळते. त्यामुळे ५ टक्क्यांचा तो आकडा आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

पण म्हणून लेखातला २० टक्क्यांचा आकडाही लागू होत नाही. तो मधुमेह नसलेल्यांचा आहे. टर्झेपटाइड या नव्या इंजेक्शनाच्या सर्वांत मोठ्या डोसवर त्यांचे वजन ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के उतरले. मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत, तितक्याच काळात आणि तितक्याच डोसवर, १४.७ टक्के. सेमाग्लुटाइड या दुसऱ्या इंजेक्शनाचेही तसेच, मधुमेह नसलेल्यांत १४.९ टक्के, असलेल्यांत ९.६ टक्के. मधुमेही माणसाचे वजन औषधाने कमी उतरते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण लेख वाचून इंजेक्शन सुरू करणाऱ्याला कोण सांगणार? त्याचे १० टक्के उतरले की तो स्वतःलाच दोष देत बसेल, ‘माझंच काहीतरी चुकतंय’ म्हणेल. हे असे म्हणणे काय असते, ते मी १३ वर्षे अनुभवले आहे.

माझ्या धाकट्या भावाचे उदाहरण घरातलेच आहे. त्याला मधुमेह निघून चार वर्षे झाली. आठवड्याचे इंजेक्शन घेतो. पहिले दीड-दोन महिने मळमळीने हैराण होता, डोस हळूहळू वाढवत नेल्यावर सावरला. १३ किलो उतरले, साखर सुरेख. मग त्याला वाटले आपण बरे झालो, आणि त्याने कुणाला न सांगता इंजेक्शन बंद केले. पाच महिन्यांत आठ किलो परत आले. पुन्हा सुरू करायला गेला तर डॉक्टरांनी अगदी लहान डोसपासून सुरुवात करायला लावली, आणि मळमळही पहिल्यापासून. यात त्याचा दोष नाही, औषधाचे काम औषध असेपर्यंतच चालते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले आहे.

शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभराचे बंधन असतेच, फक्त ते वेगळे असते. जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळे कायम घ्यावे लागते आणि रक्त तपासत राहावे लागते. तिसऱ्या वर्षी मी गोळ्यांचा कंटाळा केला. जिना चढताना मधेच थांबावे लागू लागले, केसांचा पुंजका हातात येऊ लागला. तपासले तर हिमोग्लोबिन ८. शिरेतून लोह द्यावे लागले. वर सांगितलेल्या २०२४ च्या पाठपुराव्यातही शस्त्रक्रियेच्या गटात रक्तक्षय आणि हाड मोडण्याचे प्रमाण जास्त आढळले. स्लीव्हनंतर अनेकांना आम्लपित्ताचा त्रास जडतो. खुद्द शस्त्रक्रियेचा जिवाला धोका हजारात साधारण एक ते तीन इतका कमी आहे, पण शून्य नाही.

आणि औषधांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ३,५०० हून अधिक मधुमेही रुग्णांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. २०२४ च्या तिच्या निकालांत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी घटल्या. हृदयविकाराबाबतही या गटातील औषधांच्या मोठमोठ्या चाचण्या आहेत. शस्त्रक्रियेनेही मृत्यू कमी होतात असे स्वीडनमधील १९८७ पासूनच्या पाठपुराव्यात दिसते, पण तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता. ज्याचे मूत्रपिंड आधीच नाजूक आहे आणि वजन फार नाही, त्याला मी इंजेक्शनच विचारून घे म्हणेन.

मग कुणाला केव्हा विचारायचे? २०१६ मध्ये जगभरातल्या ४५ वैद्यकीय संघटनांनी मान्यता दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ४० किंवा अधिक असलेल्या मधुमेही व्यक्तीला शस्त्रक्रियेची शिफारस करावी. ३५ ते ४० मध्ये साखर उपचारांनी आटोक्यात येत नसेल तर शिफारस करावी. ३० ते ३५ मध्ये आटोक्यात येत नसेल तर निदान विचार करावा. आशियाई वंशाच्या लोकांसाठी या तिन्ही मर्यादा २.५ ने खाली धराव्यात. माझा बीएमआय ३९ च्या वर होता, म्हणजे आशियाई मोजमापाने मी पहिल्याच गटात बसत होते. ‘शेवटचा उपाय’ असे या तत्त्वांत कुठेही म्हटलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतर माझे वजन ७८ वर आले होते, आता ८४ आहे. मागच्या महिन्यात सर्जन आणि मधुमेहतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून ठरवले की मलाही आठवड्याचे इंजेक्शन सुरू करायचे. भावाने त्याच सर्जनची वेळ घेतली आहे, नुसते विचारायला. त्याचा मधुमेह चार वर्षांचा आहे आणि इन्सुलिन अजून लागलेले नाही.

लेखातील ती दोन विधाने आपण पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावीत, आणि २० टक्क्यांच्या जागी मधुमेही रुग्णांचे आकडे छापावेत, ही विनंती.

आपली,
एक मधुमेही वाचक